इंजिन बदललेल्या जुन्या गाडीचे टायमिंग: आधी शून्य शोधा, मग अंश मोजा

जुन्या गाडीचे मूळ इंजिन झिजले, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले किंवा त्याची ताकद कमी पडू लागली, की तिच्यात दुसरे इंजिन बसवण्याचा मार्ग अनेक जण पत्करतात. माउंटिंग जुळवले जातात, गिअरबॉक्स जोडला जातो, पाण्याच्या आणि पेट्रोलच्या नळ्या जागेवर येतात आणि किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरूही होते. गोंधळ त्यानंतर उभा राहतो. गाडी चढावर धापा टाकते, वेग घेताना इंजिनातून टकटक ऐकू येते, पाणी लवकर तापते किंवा गरम इंजिन पुन्हा सुरू करताना स्टार्टर अडखळतो. मालक मॅन्युअल उघडतो, ठिणगीच्या वेळेसाठी त्यात छापलेला अंश टायमिंग लाइटच्या, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याच्या, उजेडात तंतोतंत जुळवतो, आणि तरीही दुखणे जागच्या जागी राहते.

अशा वेळी दोष कार्बोरेटरवर, पेट्रोलवर किंवा नव्याने आणलेल्या इंजिनावर ढकलला जातो. पण त्याआधी तपासायची गोष्ट वेगळीच आहे. मॅन्युअलमधला अंश बरोबर असेलही. तो ज्या शून्यापासून मोजायचा, ते शून्य इंजिन बदलताना हललेले असू शकते. ते कसे हलते, खरे शून्य कसे शोधावे आणि त्यानंतर कोणता आकडा धरावा, हे पायरीपायरीने पाहू.

ठिणगी आधीच का पडावी लागते

सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीतून फिरते बळ तयार करतो. पिस्टन सर्वांत वर असतो त्या स्थितीला गॅरेजमध्ये टीडीसी म्हणतात. पिस्टन टीडीसीला पोहोचण्याच्या किती आधी प्लगवर ठिणगी पडते, ते क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत सांगितले की झाले इग्निशन टायमिंग. टायमिंग १० अंश आहे, याचा अर्थ क्रँकला टीडीसी गाठण्यासाठी आणखी १० अंश फिरायचे असतानाच ठिणगी पडते. ती आणखी लवकर पडू लागली तर टायमिंग ॲडव्हान्स झाले आणि उशिरा पडू लागली तर रिटार्ड झाले, असे म्हणतात.

ठिणगी आधी पाडावी लागते, कारण ती पडताक्षणी सगळे मिश्रण पेटत नाही. प्लगजवळ एक छोटी ज्योत तयार होते, ती आजूबाजूचे मिश्रण पेटवत पुढे सरकते आणि सिलिंडरमधला दाब शिगेला पोहोचेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात. झोका देणाऱ्याला हे पटकन उमगेल. झोका आपल्याकडे येऊन परत फिरू लागला की नेमका तेव्हा दिलेला धक्का पुरेपूर कामी येतो. आधी दिला तर येणारा झोका हातावर आदळतो आणि उशिरा दिला तर हात नुसता झोक्याच्या मागे धावतो. इंजिनातही पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १५ अंश पुढे गेला असताना दाब शिगेला पोहोचलेला असावा लागतो, आणि ते साधायचे तर ज्योत बरीच आधी पेटवावी लागते.

वेग वाढला की हिशेब बदलतो. मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चाललेल्या मंद चालीवर, क्रँक एका सहस्रांश सेकंदात ५.४ अंश फिरतो. ३६०० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळात तो २१.६ अंश फिरून गेलेला असतो. वेगाबरोबर सिलिंडरमधली घुसळण वाढून ज्योतही जोराने पसरते, म्हणून ॲडव्हान्स चौपट करावा लागत नाही. पण तो वाढवावा लागतो हे नक्की. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत हे काम चालक स्वतः करत असे. स्टिअरिंगच्या दांड्यावर त्यासाठी एक तरफ होती, आणि हँडल मारून इंजिन सुरू करताना ती रिटार्डवर ठेवायची असा दंडक होता. नाहीतर ठिणगी लवकर पडून इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचा हात मोडण्याची भीती असे. आज गरम इंजिन सुरू होताना स्टार्टर अडखळतो, त्यामागेही अनेकदा हाच उलटा झटका असतो.

डिस्ट्रिब्युटरच्या आत काय चालते

पुढे ही तरफ गेली आणि तिचे काम डिस्ट्रिब्युटरने, म्हणजे प्रत्येक प्लगला त्याच्या पाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाने, उचलले. चार स्ट्रोकच्या इंजिनात डिस्ट्रिब्युटरचा दांडा क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश होतात. हे गुणोत्तर लक्षात ठेवावे, कारण आकडे वाचताना पुष्कळ घोळ इथेच होतो.

दांड्यावरचा उंचवट्यांचा कॅम कॉन्टॅक्ट पॉइंट, म्हणजे विजेचा छोटा स्विच, उघडतो, त्या क्षणी ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या कॉइलचा प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. दांड्याजवळ स्प्रिंगने बांधलेली दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि कॅमला थोडे पुढे ढकलतात, त्यामुळे पॉइंट लवकर उघडतो. हा झाला वजनांचा ॲडव्हान्स. बाजूला एक पडद्याची डबी असते, तिला व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते. हलक्या ॲक्सिलरेटरवर सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते आणि ते सावकाश जळते, म्हणून अशा वेळी ही डबी आणखी काही अंश जोडते. पाय पूर्ण दाबला की इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम नाहीसा होतो आणि तो जादा ॲडव्हान्सही निघून जातो.

थोडक्यात, चालू इंजिनाचे टायमिंग तीन हिश्शांचे बनते: डिस्ट्रिब्युटर जागेवर कसताना आपण दिलेला सुरुवातीचा अंश, वजनांचा अंश आणि व्हॅक्यूमचा अंश. मॅन्युअलमधला आकडा बहुधा पहिल्या हिश्शाचाच असतो. उरलेले दोन त्या विशिष्ट डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दडलेले असतात, आणि इंजिन बदलताना डिस्ट्रिब्युटर कोणता आला याकडे फारसे कोणी पाहत नाही.

इंजिन बदलल्यावर शून्य का हलते

अंश ज्या शून्यापासून मोजायचे ते म्हणजे टीडीसी, आणि त्याची खूण दोन भागांनी मिळून बनते. फिरणाऱ्या भागावर, म्हणजे पुढच्या पुलीवर किंवा मागच्या फ्लायव्हीलवर, एक रेघ वा खाच असते. आणि न फिरणाऱ्या भागावर, म्हणजे टायमिंग कव्हरवर किंवा गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगच्या खिडकीत, एक काटा असतो. हे दोन्ही भाग एकाच इंजिनाबरोबर कारखान्यातून आलेले असतील तरच त्यांच्या जुळणीला अर्थ आहे.

इंजिन बदलताना नेमकी ही जोडी फुटते. नव्या इंजिनाची पुली जुन्या गाडीच्या पट्ट्यांशी जुळत नाही, म्हणून जुनी पुली चढवली जाते. ऑइल पॅन किंवा पाण्याचा पंप अडतो, म्हणून टायमिंग कव्हर दुसऱ्या इंजिनाचे लावले जाते. बेल हाउसिंग गाडीच्या गिअरबॉक्सचे राहते आणि फ्लायव्हील नव्या इंजिनाचे येते. बीएमसीचे ए-सिरीज इंजिन याचे चांगले उदाहरण आहे. मॉरिस मायनरसारख्या गाडीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसे आणि खुणा पुढच्या पुलीपाशी असत; सुरुवातीच्या मिनी गाड्यांत तेच इंजिन गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडवे बसे आणि खुणा फ्लायव्हीलवर असत, ज्या छोट्या झाकणातून आरशाच्या मदतीने पाहाव्या लागत. शेव्रोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनांत पुढच्या डॅम्परचा, म्हणजे क्रँकची थरथर शोषणाऱ्या चाकाचा, व्यास आणि काट्याची जागा काळानुसार बदलत गेली. एका पिढीचा काटा आणि दुसऱ्या पिढीचा डॅम्पर एकत्र आले की रेघ जुळलेली दिसते आणि टायमिंग मात्र कित्येक अंशांनी चुकलेले असते.

डॅम्परची आणखी एक खोड आहे. त्याची बाहेरची कडी आतल्या भागाला रबराने चिकटवलेली असते. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि उष्णतेने रबर सैल झाले की कडी घसरते आणि तिच्यावर कोरलेली रेघही तिच्याबरोबर सरकते. बाहेरून काहीच बिघडलेले दिसत नाही. म्हणून पडून राहिलेल्या जुन्या इंजिनाच्या खुणेवर विश्वास ठेवण्याआधी ती तपासलीच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सिलिंडरांत एकापाठोपाठ ठिणगी पडण्याचा क्रमही गृहीत धरू नये. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनांत १-३-४-२ हा क्रम सर्वाधिक आढळतो, पण फोर्डच्या केंट इंजिनात तो १-२-४-३ आहे. त्यामुळे केंट काढून १-३-४-२ क्रमाचे पिंटो इंजिन बसवणाऱ्याने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरच्या (झाकणावरच्या) वायरी जुन्या सवयीने लावल्या तर दोन सिलिंडर चुकीच्या वेळी पेटतात. फोर्डच्याच ३०२ व्ही-८ चा जुना क्रम १-५-४-२-६-३-७-८ आहे, तर दिसायला त्याच्याच घरच्या ३५१ विंडसरचा आणि ३०२ च्या एचओ आवृत्तीचा १-३-७-२-६-५-४-८. हा क्रम व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ठरवतो. व्हॉल्व्ह कव्हरवरचे नाव पाहून तो कळत नाही. शिवाय सिलिंडरांचे क्रमांकही कंपनीगणिक वेगळे असतात: फोर्डच्या व्ही-८ मध्ये एका रांगेत १ ते ४ आणि दुसरीत ५ ते ८ असतात, शेव्रोलेमध्ये एका रांगेत विषम आणि दुसरीत सम. पहिला सिलिंडर कोणता, इथपासूनच खात्री करून घ्यावी लागते.

खरे टीडीसी कसे शोधावे

प्लगच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर सोडायचा, क्रँक फिरवायचा आणि स्क्रूड्रायव्हर सर्वांत वर आला की ते टीडीसी मानायचे, ही पद्धत सर्रास वापरली जाते. अंदाज घेण्यापुरती ती ठीक आहे; टायमिंग बांधण्यासाठी ती पुरत नाही. टीडीसीच्या आसपास क्रँक फिरत असला तरी पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो. ८० मिलिमीटर स्ट्रोक आणि १३० मिलिमीटर लांबीचा कनेक्टिंग रॉड असलेले इंजिन धरले, तर टीडीसीपासून ५ अंश दूर असताना पिस्टन फक्त ०.२ मिलिमीटर खाली असतो. एवढा फरक हाताला किंवा डोळ्याला कळणे शक्य नाही, आणि ५ अंशांची चूक तर इंजिन बिघडवायला पुरेशी आहे.

भरवशाची पद्धत पिस्टन स्टॉपची आहे. पिस्टन स्टॉप म्हणजे प्लगच्या आट्यांत बसणारा, आत थोडा लांब निघालेला आणि टोकाला गोलसर असलेला एक धातूचा दांडा. बॅटरीची वायर काढावी, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि सगळे प्लग काढावेत, म्हणजे क्रँक हलका फिरतो. पिस्टन खाली असताना स्टॉप पहिल्या सिलिंडरमध्ये घट्ट बसवावा. मग क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून तो हळूहळू फिरवावा. पिस्टन वर येऊन स्टॉपला टेकला की थांबून, काट्यासमोर पुलीवर एक बारीक रेघ ओढावी. त्यानंतर क्रँक उलट दिशेने फिरवून पिस्टन पुन्हा स्टॉपला टेकवावा आणि दुसरी रेघ ओढावी. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरे टीडीसी असते, कारण पिस्टन दोन्ही बाजूंनी त्याच उंचीवर थांबलेला असतो. स्टॉप किती लांब आहे याला महत्त्व नाही. दोन्ही वेळा तो तसूभरही हललेला नसावा, एवढीच अट आहे.

यात दोन गोष्टी सांभाळाव्यात. क्रँक हातानेच फिरवावा. स्टार्टरने फिरवला तर स्टॉप पिस्टनमध्ये घुसेल. आणि स्टॉप उघड्या व्हॉल्व्हला लागणार नाही याची खात्री करावी; शंका असेल तर त्या सिलिंडरचे रॉकर आधी सैल करावेत.

मधली रेघ मिळाली की ती जुन्या खुणेशी ताडून पाहावी. दोन्ही जुळल्या तर शंका फिटली. जुळल्या नाहीत तर जुनी खूण खरवडून किंवा रंगाने झाकून नवी पांढऱ्या रंगाने स्पष्ट करावी, म्हणजे उद्या दुसऱ्या मेकॅनिकची फसगत होणार नाही. अंशांची पट्टीही घरीच आखता येते. १६० मिलिमीटर व्यासाच्या पुलीचा परीघ सुमारे ५०३ मिलिमीटर असतो, म्हणून तिच्यावर १० अंश म्हणजे १४ मिलिमीटर. ही अंतरे पुलीच्या कडेवरून, टीडीसीच्या रेघेपासून पुलीच्या फिरण्याच्या दिशेने मोजावीत. त्यामुळे टीडीसीची रेघ काट्यापाशी येण्याआधी १० अंशांची रेघ तिथे येईल. मात्र हे अंतर एकदा आखले आणि ते उलट्या बाजूला पडले, तर टायमिंग २० अंशांनी चुकेल, म्हणून क्रँक हाताने फिरवून हे पुन्हा पाहावे.

डिस्ट्रिब्युटर बसवणे

चार स्ट्रोकच्या चक्रात पिस्टन दोनदा टीडीसीला येतो, एकदा मिश्रण दाबून आणि एकदा जळलेला वायू बाहेर काढून. ठिणगी फक्त पहिल्या वेळी हवी. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवला की हवा बोटाला रेटू लागते. ती रेटत असताना खूण काट्याकडे येते, तो कॉम्प्रेशनचा फेरा. व्हॉल्व्ह कव्हर उघडे असेल तर पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर मोकळे असल्याचे दिसते. हे न पाहता डिस्ट्रिब्युटर टाकला तर तो नेमका अर्धा फेरा चुकतो, आणि इंजिन सुरू न होता कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजवते.

क्रँक ठरलेल्या अंशावर आणून डिस्ट्रिब्युटर आत सोडताना तिरप्या दातांच्या गिअरमुळे रोटर, म्हणजे दांड्याच्या टोकावर फिरून प्लगच्या वायरींना ठिणगी देणारा भाग, जागेवर बसता बसता काही अंश फिरतो. त्यामुळे तो आधीच तेवढा मागे धरून सोडावा लागतो, म्हणजे खाली बसल्यावर त्याचे टोक कॅपमधल्या पहिल्या वायरीसमोर येते. काही इंजिनांत दांड्याच्या तळाची खाच मुद्दाम मध्यापासून बाजूला कापलेली असते आणि डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो. पण त्याला फिरवणारा गिअर इंजिन उघडताना चुकीचा बसवला असेल तर ती सोयही कामी येत नाही.

आता पॉइंटचा गॅप. तो टायमिंगच्या आधी लावायचा, हा क्रम बदलता येत नाही. गॅप बहुतेक जुन्या डिस्ट्रिब्युटरांत ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. कॅमच्या फिरण्यात पॉइंट जितके अंश मिटलेला राहतो, त्याला ड्वेल म्हणतात. गॅप वाढवला की ड्वेल घटतो आणि पॉइंट लवकर उघडतो. ड्वेल १ अंशाने घटला की क्रँकवर टायमिंग साधारण १ अंशाने पुढे जाते. म्हणजे टायमिंग बांधून झाल्यावर गॅपला हात लावला, तर केलेले काम पुसले गेले असे समजावे.

इंजिन प्रथम सुरू करण्याइतके टायमिंग बंद स्थितीत बांधता येते. कॉइलकडून पॉइंटकडे येणाऱ्या वायरीला आणि इंजिनाच्या धातूला १२ व्होल्टचा छोटा दिवा जोडावा, इग्निशन चालू करावे आणि डिस्ट्रिब्युटरचे अंग हळूहळू फिरवावे. पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो. तोच ठिणगीचा क्षण. अंग रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवले की टायमिंग ॲडव्हान्स होते. क्रँक मात्र शेवटी नेहमीच्या दिशेनेच फिरवत खुणेवर आणावा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मोजणीत मिसळतो.

मग अंश किती धरावा

इथे मॅन्युअलचा आकडा ही सुरुवात आहे, पण तो गाडीच्या मॅन्युअलमधला नव्हे, आत बसवलेल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला. आणि तोही त्या इंजिनाचा मूळ डिस्ट्रिब्युटर असेल तरच पुरतो.

समजा, मूळ डिस्ट्रिब्युटरची वजने क्रँकवर २४ अंश देत होती आणि सुरुवातीचा अंश १० होता. पूर्ण वेगावर एकूण ३४ अंश झाले. आता दिसायला तसाच, पण ३० अंश देणारा डिस्ट्रिब्युटर बसला आणि सुरुवातीला १० अंशच ठेवले, तर एकूण ४० होतात. आयडलिंगवर टायमिंग लाइट सारे काही बरोबर असल्याची ग्वाही देईल आणि पूर्ण लोडवर इंजिन नॉक करत, म्हणजे टकटक आवाज करत, राहील. लुकासच्या अनेक डिस्ट्रिब्युटरांत वजनांच्या वरच्या पट्टीवर एक आकडा ठोकलेला असतो. तिथे १२ असेल तर ते डिस्ट्रिब्युटरचे अंश आहेत, म्हणजे क्रँकचे २४. बेस प्लेट काढून तो वाचण्याइतके कष्ट अवश्य घ्यावेत.

म्हणूनच इंजिन बदललेल्या गाडीत मी एकूण अंशावरून टायमिंग बांधण्याच्या बाजूने आहे. व्हॅक्यूमची नळी काढून तिचे कार्बोरेटरकडचे तोंड बंद करावे, टायमिंग लाइटची पकड पहिल्या वायरीला लावावी आणि इंजिनाचा वेग वाढवत न्यावा. साधारण ३००० ते ३५०० फेऱ्यांच्या दरम्यान वजने पूर्ण फाकतात आणि खूण पुढे सरकायची थांबते. तिथे जो अंश दिसतो तो एकूण अंश. प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या घडणीच्या इंजिनांना तो बहुधा ३० ते ३६ च्या दरम्यान लागतो. तो बांधल्यावर आयडलिंगवर जो अंश शिल्लक राहील तो नोंदवून ठेवावा. तो फारच कमी किंवा जास्त निघाला तर डिस्ट्रिब्युटरची वजने किंवा स्प्रिंग या इंजिनाच्या नाहीत, असे समजावे.

टायमिंग लाइटच्या लुकलुकत्या उजेडात फिरता पंखाही स्थिर भासतो. बाही, वायर आणि बोटे त्याच्यापासून दूर ठेवावीत.

या आकड्यात थोडी सूट दोन्ही बाजूंना लागते. कॉम्प्रेशन जास्त असेल तर मिश्रण लवकर जळते आणि नॉकिंगचा धोका वाढतो, म्हणून अंश कमी हवा. लांब काळ व्हॉल्व्ह उघडे ठेवणारा कॅम असेल तर आयडलिंगवर जळलेला वायू मिश्रणात मिसळतो, ज्योत मंदावते आणि सुरुवातीचा अंश जास्त हवा. पेट्रोलचाही संबंध आहे. नॉकिंग रोखण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याचा उपाय थॉमस मिज्ली यांनी १९२१ मध्ये शोधला आणि १९२३ पासून ते पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाने केलेल्या विषबाधेमुळे देशोदेशी ते बंद होत गेले, आणि २०२१ मध्ये अल्जीरियाने ते थांबवल्यावर जगभरातील रस्त्यांवरच्या वाहनांसाठीची त्याची विक्री संपली. जुन्या मॅन्युअलचे आकडे त्या काळच्या पेट्रोलवर ठरलेले आहेत. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, त्यापेक्षा कमी असेल तर २ ते ४ अंश मागे घेऊन सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

कानाने टायमिंग बांधले तर चालत नाही का

अनुभवी मेकॅनिक डिस्ट्रिब्युटर फिरवत इंजिनाचा आवाज ऐकतो आणि सर्वांत गोड आवाजावर तो कसतो, ही गोष्ट खरी आहे, आणि त्या कानाबद्दल मला आदर आहे. पण हा कान एकाच स्थितीत ऐकत असतो: बिनलोडच्या आयडलिंगवर. त्या स्थितीत इंजिनाला भरपूर ॲडव्हान्स आवडतो, कारण मिश्रण विरळ आणि ज्योत मंद असते. व्हॅक्यूम गेज लावून सर्वांत जास्त व्हॅक्यूमवर टायमिंग बांधण्याच्या पद्धतीतही हाच दोष आहे. अशा पद्धतीने बांधलेल्या इंजिनात वजनांचे अंश मिळाल्यावर एकूण आकडा कुठे जातो, ते पाहिलेलेच नसते. मूळ इंजिन आणि मूळ डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत कान निभावून नेतो; बदललेल्या इंजिनात त्याच्या जोडीला टायमिंग लाइट हवाच.

आणखी एक समज असा, की जितका ॲडव्हान्स जास्त तितकी ताकद जास्त. ताकद एका मर्यादेपर्यंत वाढते, मग थांबते, आणि त्यापुढे वर येणाऱ्या पिस्टनलाच दाब अडवू लागल्याने घटते. त्या टप्प्यापर्यंत अनेकदा नॉकिंगही सुरू झालेले असते. ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते, तेव्हा दाबाच्या लाटा आदळून तो टकटक आवाज होतो. असे बराच काळ चालले तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात आणि हेड गॅस्केट जाते. नव्या गाड्यांत नॉकिंग ओळखून टायमिंग मागे घेणारा सेन्सर असतो. जुन्या इंजिनाला असे कोणी वाचवत नाही.

रिटार्ड टायमिंग सुरक्षित असते, हीदेखील अर्धीच गोष्ट आहे. उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहते, उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी बाहेरच्या वाटेला लागते, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लालबुंद होतो, पाणी तापते आणि पेट्रोल जास्त लागते.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर

पॉइंटच्या जागी बसणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल लावले की टायमिंगची कटकट संपली, असे पुष्कळांना वाटते. मॉड्यूलमुळे पॉइंट झिजण्याचा आणि गॅपचा प्रश्न मिटतो, हा मोठाच फायदा आहे. पण वजने, स्प्रिंग आणि व्हॅक्यूमची डबी तीच राहते, आणि मॉड्यूल ठिणगीचा क्षण पॉइंटपेक्षा वेगळ्या जागी पकडत असल्याने ते बसवल्यावर टायमिंग पुन्हा बांधावेच लागते.

नव्या इंजिनाबरोबर त्याचा संगणक, म्हणजे ईसीयू, आला असेल तर प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या पण ईसीयूने चालणाऱ्या इंजिनांत मूळ अंश पाहण्याआधी ईसीयूला गप्प करावे लागते, नाहीतर तो सतत टायमिंग हलवत राहतो. टोयोटाच्या त्या काळातील अनेक इंजिनांत त्यासाठी तपासणीच्या कनेक्टरमधील टीई१ आणि ई१ ही टोके जोडायची असतात. फोर्डच्या अनेक इंजिनांत स्पाउट नावाचा छोटा कनेक्टर काढायचा असतो. हे न करता डिस्ट्रिब्युटर फिरवत बसणे व्यर्थ आहे.

डिस्ट्रिब्युटरच नसेल, तर ईसीयू क्रँकवरच्या दातेरी चाकावरून टीडीसी ओळखतो. ६० दातांच्या जागा आणि त्यातले २ दात गाळलेले, ही रचना फार प्रचलित आहे. तिथे एक दात म्हणजे ६ अंश. जागा नाही म्हणून सेन्सरची पट्टी नव्याने बनवून एक दात इकडे-तिकडे बसवली, तर ईसीयू पडद्यावर १० अंश दाखवत असताना खरी ठिणगी ४ किंवा १६ अंशांवर पडत असेल. म्हणून ईसीयूमध्ये टायमिंग एका अंशावर गोठवून, पिस्टन स्टॉपने शोधलेल्या खुणेवर टायमिंग लाइट मारून ते ताडून पाहावे. ज्या इंजिनांत एक्झॉस्टच्या फेऱ्यालाही प्लगवर ठिणगी पडते, तिथे अंश फिरवून वाचण्याचे बटण असलेले काही टायमिंग लाइट दुप्पट आकडा दाखवतात. ते बटण शून्यावर ठेवून पुलीवरची आखलेली पट्टीच वाचावी.

शेवटची पारख रस्त्यावर

सगळे बांधून झाल्यावर व्हॅक्यूमची नळी जोडावी, आयडलिंग पुन्हा लावावे, कारण टायमिंग बदलले की ते बदलतेच, आणि इंजिन पूर्ण गरम करून गाडी चढावर वरच्या गिअरमध्ये न्यावी. पाय दाबल्यावर टकटक ऐकू आली तर थांबून २ अंश मागे घ्यावेत आणि पुन्हा पाहावे. टकटक फक्त हलक्या पायावर येत असेल आणि पूर्ण दाबल्यावर जात असेल, तर सुरुवातीच्या अंशाला हात लावू नये. दोष व्हॅक्यूमच्या डबीत आहे, ती या इंजिनाला लागतो त्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स देत आहे. गरम इंजिन बंद करून लगेच सुरू करून पाहावे. स्टार्टर अडखळला तर सुरुवातीचा अंश जास्त झाला आहे.

इंजिन या कसोट्यांना उतरले की डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प घट्ट करावा आणि घट्ट केल्यानंतर टायमिंग लाइटने एकदा पुन्हा पाहावे, कारण कसताना अंग एखाद-दोन अंश फिरणे नेहमीचे आहे. सुरुवातीचा अंश, एकूण अंश, तो कितीव्या फेऱ्यांवर मिळाला, ठिणगीचा क्रम आणि डिस्ट्रिब्युटरचा क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवावा. कोणत्याही मॅन्युअलमध्ये या गाडीची ही माहिती सापडणार नाही. पॉइंट नवे असतील तर त्यांची टाच कॅमवर घासून बसताना गॅप घटतो आणि टायमिंग मागे जाते, म्हणून सुमारे १००० किलोमीटरनंतर आधी गॅप आणि मग टायमिंग, याच क्रमाने पुन्हा तपासावे.